चुन्याची डबी
(प्रस्तावना)

आजीच्या कमरेला चंची असायची. चंचीत सुपारी, अडकित्ता, कात, चार लवंगा आणि अंगठ्याएवढी पितळेची चुन्याची डबी. पान मात्र चंचीत कधी नसे, ते परसात होतं. केळव्याला आमच्या घरामागं पानवेलीची वाडी, वाडीच्या कडेनं केळी आणि नारळ, त्यापलीकडं सुरूचं बन आणि मग समुद्र. दुपारी बायका ओटीवर बसून पानं निवडायच्या, आकारानं लावायच्या, केळीच्या सुक्या पानांचं अस्तर घातलेल्या करंड्यांत भरायच्या, आणि संध्याकाळी ते करंडे केळवे रोड स्टेशनाकडं निघायचे. निवडताना फाटकं पान निघालं की ते आजीच्या वाट्याचं. त्याला चुना लावायचं काम माझं. चुना जास्त झाला तर तोंड भाजतं, कमी झाला तर विडा रंगत नाही. किती लावायचा हे तिनं मला कधी सांगितलं नाही. "बोटाला कळतंय बाबा," एवढंच म्हणायची. दोन-चारदा तिचं तोंड भाजलं, तरी तिनं ते काम माझ्याकडून काढून घेतलं नाही.

पुढच्या पानांत चार देशांतल्या चुली आहेत, बाजार आहेत, लग्नं आहेत आणि मासे वाळवायच्या जागा आहेत. त्या सगळ्या प्रवासांचं मूळ त्या डबीत आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगरसायनांच्या एका कारखान्यात मी जवळजवळ तीस वर्षं नोकरी केली. कापड रंगवणारे जगभर आहेत, त्यामुळं आमचा माल देशोदेशी जायचा आणि मालामागून कधीकधी मीही. पहिल्या काही फेऱ्यांत मी काहीच पाहिलं नाही. विमानतळ, हॉटेल, कारखाना आणि परत. पिशवीत चकल्या आणि सुकटाची चटणी, रात्री खोलीत बसून तेच खायचं. परदेशात आपल्याला खाता येण्याजोगं काही नसतं, अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती तपासून पाहावी असंही कधी वाटलं नाही.

ती समजूत व्हिएतनाममध्ये मोडली. हनोईपासून तासाभरावरच्या एका गावात, कारखान्यातल्या एका फोरमनच्या घरी साखरपुडा होता आणि त्यानं मलाही बोलावलं. मुलाकडची माणसं लाल लाखेची तबकं घेऊन आली. तबकांवरचं लाल कापड काढलं तर आत सुपारीचे अख्खे हिरवे घोस आणि विड्याची पानं! माझ्या अंगावर काटा आला. हीच पानं. अशीच लावलेली, देठ एकीकडं, टोकं एकीकडं. त्या देशात लग्नाची बोलणी पानसुपारीशिवाय सुरू होत नाहीत. त्यामागं एक कथाही सांगतात. दोन भाऊ आणि थोरल्याची बायको. धाकटा रुसून घर सोडून गेला आणि नदीकाठी मरून चुनखडीचा दगड झाला. त्याला शोधत आलेला थोरला त्या दगडाशेजारी सुपारीचं झाड झाला, आणि नवऱ्याला शोधत आलेली बायको त्या झाडाला बिलगून पानवेल झाली. दगड, झाड आणि वेल, म्हणजे चुना, सुपारी आणि पान. तिघं एकत्र आल्यावर जो लाल रंग येतो तो त्यांच्या मायेचा, असं ते लोक मानतात.

त्या घरात एक म्हातारी होती. जुन्या रिवाजाप्रमाणं दात काळे केलेली. तिनं माझ्यापुढं पान आणि चुन्याचं मडकं सरकवलं. मी बोटानं चुना लावला, पान दुमडलं आणि तिला परत दिलं. तिनं पान उलगडून चुन्याचा फराटा बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि विडा तोंडात घातला. आम्हा दोघांत एकही सामाईक शब्द नव्हता. जेवताना तिनं मला शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या वाडग्यात स्वतःच्या काड्यांनी मासा वाढला. तो मासा मी खाल्ला. पिशवीतली चटणी त्या दिवसापासून पिशवीतच राहिली.

(सुपारीबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. सुपारीनं तोंडाचा कर्करोग होतो, तंबाखू घातली नसली तरी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये ते स्पष्ट सांगितलं आहे. मी स्वतः विडा सोडला. या पुस्तकातलं पानाचं प्रेम हे वेलीचं आणि हातांचं प्रेम आहे, कुणी ते खाण्याची शिफारस समजू नये.)

त्या गावाच्या वेशीवर वडाचं झाड होतं आणि वडाच्या बुंध्याशी जुनी, तोंड बंद झालेली चुन्याची मडकी ठेवलेली होती. वर्षानुवर्षं चुना काढताना काठाला थर बसत जातो, तोंड लहान होत जातं आणि एक दिवस मिटतं. असं मडकं तिथं टाकून देत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं त्याला आदरानं संबोधतात आणि वडाखाली नेऊन ठेवतात.

दुसरी गोष्ट मेक्सिकोतली. तिथंही चुनाच होता, म्हणून ती लगेच सांगतो. तेवाकान नावाचं शहर जीनच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि आमच्या कारखान्याला त्याच शहराशी काम होतं. पण तेवाकानची खरी थोरवी वेगळी आहे. त्या खोऱ्यातल्या गुहांमध्ये १९६० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा पाच हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसं सापडली. बोटाएवढीच, पण मकाच. ज्या धान्यावर आज कितीतरी माणसं जगतात त्याच्या बाळपणाच्या खुणा त्या कोरड्या डोंगरांत आहेत.

एका संध्याकाळी तिथल्या खाणावळीच्या मागच्या अंगणात मालकीण मोठ्या पातेल्यात मका शिजत घालत होती. तिनं एका डब्यातून पांढरी पूड काढून पाण्यात कालवली. मी विचारलं. ती म्हणाली, 'काल', म्हणजे चुना. माझा विश्वास बसेना म्हणून मी बोट लावून जिभेवर ठेवलं आणि लहानपणीसारखी जीभ भाजून घेतली. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात. साल सुटून जातं आणि मग तो दगडावर वाटतात. त्यांचा पाटा तीन पायांचा आणि उतरता असतो, वरवंटा दोन्ही हातांनी धरायचा, आणि वाटणारीच्या पाठीचा कणा आमच्याकडच्या बायांसारखाच दुखतो. त्या पिठाला जो लवचिकपणा येतो तो चुन्याचा. चुना नसेल तर मक्याची भाकरी थापता येते, पण त्यांची ती पातळ, न मोडणारी तोर्तिया होत नाही.

आता यातला तो भाग, ज्यानं मला हे पुस्तक लिहायला लावलं. कोलंबसानंतर युरोपीय लोकांनी मका आपल्या देशांत नेला. पीक भरघोस, गरिबाला परवडणारं, म्हणून उत्तर इटलीत आणि स्पेनच्या काही भागांत गरीब शेतकरी नुसत्या मक्यावर जगू लागले. अठराव्या शतकात त्यांच्यात एक नवा रोग दिसायला लागला. कातडी खरखरीत होऊन सोलून निघायची, हगवण लागायची, शेवटी भ्रम व्हायचा. स्पेनच्या गास्पार कासाल या वैद्यानं १७३५ मध्ये तो नोंदवला. इटालियनांनी त्याला नाव दिलं पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. कारण कळायला पुढं जवळजवळ दोनशे वर्षं गेली. मक्यातलं नायासिन नावाचं जीवनसत्त्व अशा रूपात बांधलेलं असतं की शरीराला ते मिळत नाही. चुन्यात शिजवलं की ते मोकळं होतं. मेक्सिकोतल्या बायकांना हे रसायन ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या हातांना ते माहीत होतं. ज्यांनी मका नेला त्यांनी पोती भरून दाणे नेले आणि बाईच्या हातातला चुना अंगणातच राहिला.

दाणा, बी, कलम ही जहाजात चढतात. हात चढत नाही. तो बघायला तिथं जावंच लागतं, अंगणात उकिडवं बसावं लागतं. मी जे काही फिरलो आणि लिहिलं ते या एका गोष्टीपायी.

मग मला माझ्याच वाडीकडं नव्यानं बघावं लागलं, कारण आमच्याकडंही कितीतरी गोष्टी हाताशिवायच आल्या होत्या. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडं गेली आणि त्यानंतर ही सगळी किनारपट्टी, केळवे-माहीम आणि तारापूरसुद्धा, १७३९ च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत त्यांच्या अमलाखाली होती. आमच्या किनाऱ्यावरचा पाणकोट अजून उभा आहे, ओहोटीला चालत जाता येतं. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून मिरची आली, काजू आला, अननस, पपई, पेरू, रताळं, बटाटा, तंबाखू आली. बटाटा, काजू, अननस, पाव ही नावंही त्यांच्याच तोंडची. त्या काळात कुणी मेक्सिकन बाई सोबत येऊन 'मिरचीचं असं करतात' हे सांगायला बसली नव्हती. आमच्या बायकांनी ती हातात घेतली, मिरीची बहीण समजून तिला मिरची म्हटलं आणि आपल्या पाट्यावर आपली रीत घडवली.

चिकूचीही तीच गोष्ट. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पालघरच्या कुठल्याही माणसाला चिकू परका वाटणार नाही. लहानपणी मला वाटायचं, कच्चा तोडला की चीक निघतो म्हणून त्याचं नाव चिकू. मेक्सिकोच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं मला तेच फळ हातात दिलं आणि म्हणाला, 'चिकोसापोते'. झाड तिथलं, नावही तिथलं. आणि चीक? तो त्या लोकांनी वाया घालवला नाही. युकातानच्या जंगलात झाडाच्या सालीवर नागमोडी चिरा पाडून चीक गोळा करत, आटवत आणि चघळत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याचंच च्युइंगम झालं. आमच्या वाडीत चिकाचे हात आम्ही खोबरेल लावून पुसत आलो. तिथं माणसांची कुटुंबंच्या कुटुंबं त्या चिकावर जगली.

हिवाळ्यात आमच्याकडं उकडहंडी होते. वालपापडी, कोनफळ, रताळं, बटाटा, कच्चं केळं, छोटी वांगी, हिरवा लसूण, ओलं खोबरं, मिरची, सगळं एका मडक्यात. परत आल्यावर पहिल्यांदा उकडहंडी पानात पडली तेव्हा मी एकेक फोड बाजूला काढून बघत बसलो आणि बायको म्हणाली, "अहो, काही निघालं का त्यात?" निघालंच होतं. रताळं, बटाटा आणि मिरची अमेरिकेतली. कोनफळ आग्नेय आशियातलं. केळं, ज्याच्यावरून आमच्या गावाचं नाव पडलं असं मी लहानपणी धरून चाललो होतो, त्याची लागवड पहिल्यांदा न्यू गिनीच्या बाजूला झाली. वांगं तेवढं आपल्याकडचं. पण ते मडकं, तो मंद जाळ, झाकणावर पाला घालून वाफ कोंडायची ती पद्धत, कुठल्या फोडी खाली आणि कुठल्या वर हे ठरवणारा हात, तो इथला आहे. माणसांचंही तसंच. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेली महिकावतीची बखर वाचली तर आमच्या या भागातली किती घराणी कुठून कुठून येऊन इथं वसली याची यादीच मिळते.

नॉर्वेला मात्र मी निवृत्तीनंतर, स्वतःच्या पैशानं, बायकोला घेऊन गेलो. डिसेंबर-जानेवारीत आमच्या बाजूच्या मांगेल मासेमारांच्या वाड्यांत वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून बांबूवर टाकलेले. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर असलेल्या लोफोतेन बेटांवर हुबेहूब तशाच वलांड्या आहेत, लाकडाच्या आणि घराएवढ्या उंच. तिथं कॉड मासा वाळतो, दोन-दोन मासे शेपट्यांना बांधून. आमच्याकडं ऊन वाळवतं, तिथं गोठणबिंदूच्या आसपासचा वारा वाळवतो. मीठ मुळीच लावत नाहीत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत मासा टांगलेला असतो आणि खाली उतरतो तेव्हा लाकडासारखा वाजतो. बायकोनं नाकाला लावून बघितला आणि म्हणाली, "आपल्या मांगेलणीला दाखवायला हवा होता." तिथं मासा पारखणारा माणूसही नाकानंच पारखतो आणि वीसेक प्रतींत वेगळा करतो. शाळकरी मुलं कॉडच्या जिभा कापून हातखर्चाचे पैसे मिळवतात.

हा मासा स्वतः नॉर्वेत फारसा राहत नाही. व्हेनिसचा पिएत्रो क्वेरिनी दारूनं भरलेलं जहाज घेऊन फ्लँडर्सला निघाला होता, ते वादळात फुटलं आणि १४३२ च्या जानेवारीत तो उरलेल्या खलाशांसह याच बेटांपैकी रॉस्तवर लागला. कोळ्यांनी त्यांना घरात घेतलं, महिनोन्महिने पोसलं. परत जाऊन त्यानं त्या कडक माशाबद्दल लिहिलं आणि आजही व्हेनिसच्या बाजूची माणसं तो दोन-तीन दिवस भिजवून, दुधात आणि ऑलिव्हच्या तेलात शिजवून सणाला खातात. तोच मासा नायजेरियात भाजीच्या रश्शात पडतो. सुक्या माशावरच्या लेखाला मी पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत. सुक्या मासळीच्या वासाला आपल्याकडं शहरात लोक नाकं मुरडतात, सोसायट्यांमध्ये भांडणं होतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा याच वासानं किनाऱ्यावरची घरं पिढ्यान्‌पिढ्या जेवली आहेत, आणि मला त्या वासाचा सन्मान करायचा होता.

इस्रायलला मी ठिबक सिंचन बघायला निघालेल्या बागायतदारांबरोबर गेलो. ठिबकचं जे बघायचं ते बघितलं. ते या पुस्तकात नाही. एका शहरात बाजारात दोन बायका मराठीत भाजीचा भाव बोलत होत्या. मी वळून बघितलं तशी त्यातली थोरली म्हणाली, "भाऊ, गाव कुठलं तुमचं?"

"केळवे."

"केळवे रोड? पालघरच्या आधीचं स्टेशन?"

तिनं घरी नेलं. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, शनवार तेल्यांचं घर. तिच्या नातवाच्या नोकरीसाठी बोललेला नवस फेडायचा होता आणि त्यासाठी मलिद्याचं ताट मांडलेलं होतं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर सुकामेवा आणि फळं. एलियाहू हनावीच्या नावानं हिब्रूत प्रार्थना झाली आणि मग सगळ्यांच्या हातावर पोहे पडले. इस्रायलमध्ये दुसरे कुठले ज्यू असा मलिदा करत नाहीत. तो आपल्या किनाऱ्यावर घडला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूचा रथ उतरला होता अशी त्यांची श्रद्धा आहे. पोहे पातळ होते की जाड, यावर त्या आजींची आणि सुनेची चर्चा चालली होती. सूनबाई दुसऱ्या देशातून आलेल्या कुटुंबातली, तिला मराठी येत नव्हतं, पण पोहे भिजवताना ती सासूच्या हाताकडं एकटक बघत होती. मेक्सिकोच्या अंगणात जे मागं राहिलं होतं ते इथं एका घरानं समुद्रापार नेलं होतं.

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच 'लोकस्थिती' हा शब्द घातला. इमारतींच्या आधी त्यांनी माणसं, घरं, बायकांचे दिवस बघितले. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी मला ती नजर सर्वांत आधुनिक वाटते. मीना प्रभूंनी एकटीनं देश पालथे घातले. त्यांचं 'मेक्सिकोपर्व' वाचूनच मी तेवाकानला गेलो होतो. पण आपल्या प्रवासवर्णनांत एक सूर सारखा येतो, तो म्हणजे आपल्यासारखं जेवण मिळालं नाही याचं दुःख आणि कुठंतरी वरणभात मिळाल्याचा आनंद. ते दुःख खरं असतं, मी ते चकल्यांच्या पिशवीसकट अनुभवलं आहे. मात्र त्या दुःखापाशी लेखक थांबला की यजमानाची चूल वाचकाला दिसत नाही, आणि शाकाहारी माणसालाही ती दिसू शकते. चुन्यात मका शिजताना बघायला मांसाहारी असावं लागत नाही.

आता केळव्याबद्दल. शनिवार-रविवारी मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात. केळवे रोडवर टमटमवाले उभे असतात, शितलादेवीच्या देवळाजवळ आणि समुद्रावर पाय ठेवायला जागा नसते. वाड्यांमधून राहायची आणि घरगुती जेवणाची सोय झाली आहे, त्यावर गावातल्या कितीतरी बायकांचं घर चालतं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण पाहुणे चायनीज आणि पनीर मागतात, म्हणून त्या तेच करतात. माझ्या ओळखीच्या एका वहिनींना मी विचारलं, उकडहंडी का नाही देत? त्या म्हणाल्या, "भाऊ, कुणी नावच घेत नाही. मागितली तर करीन की." पानवेली कमी झाल्या, वाड्यांच्या जागी खोल्या उठल्या, हे मी थांबवू शकत नाही. केळव्याला येणाऱ्या माणसानं एवढं करावं असं मला फार मनापासून वाटतं: थंडीत यावं, दोन दिवस आधी कळवावं आणि उकडहंडी मागावी. आणि ती होत असताना चुलीपाशी बसायची परवानगी विचारावी.

पुस्तकातल्या पाककृतींबद्दल थोडं. प्रमाणं देण्याचा मी प्रयत्न केला आहे. एक किलो सुक्या मक्याला साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना लागतो, हे मी तेवाकानच्या त्या बाईंच्या मुठीखाली तराजू धरून मोजलं. त्या हसत होत्या. मलिद्याचं प्रमाण त्या आजींनी सांगितलं आणि सूनबाईंनी वहीत लिहून घेतलं, त्या वहीचा फोटो माझ्याकडं आहे. उकडहंडीचं प्रमाण वहिनींनी दिलं नाही. कोनफळ किती जून आहे त्यावर जाळ ठरतो, म्हणाल्या. ती जागा पुस्तकात कोरी ठेवली आहे, वाचकानं करून बघून पेन्सिलीनं भरावी.

आजीची डबी इतकी वर्षं माझ्याकडं होती. आतला चुना वाळून दगड झाला होता, झाकण फिरेना. गेल्या थंडीत मी ती आमच्या तळ्याकाठच्या वडाखाली नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर कुणीतरी तिच्यावर एक विड्याचं पान ठेवलेलं होतं, देठ काढलेलं.

केळवे, नारळी पौर्णिमा